आठ ओळींचा कागद

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं ते हौसेने नव्हे. अम्मींच्या किडनीचे डॉक्टर नांदेडला आणि आम्ही कळमनुरीला. मध्ये सत्तरेक किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी तपासणी. पहिली दोन वर्षे एसटीने नेलं. मग अम्मींना बसची पायरी चढवेना, तेव्हा भाड्याची गाडी सांगू लागलो. एका फेरीचे अडीच हजार. त्यात गाडीवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं की आदल्या रात्री फोन यायचा, "मॅडम, उद्या जमत नाही." दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी अम्मींच्या पायांवर सूज होती.

आम्ही म्हणजे मियाँ-बीवी दोघे. एक जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते, दुसरे हिंगोलीच्या मोंढ्यात एका अडतीवर दिवाणजी आहेत. पैसे साठवले ते दोन भिश्यांतून आणि मरहूम अब्बांच्या तीन एकरांतल्या हळदीतून. भिशी साधी, चिठ्ठी काढायची. बोली लावून कमी पैशांत उचलायची जी पद्धत असते, तिच्यात आम्ही पडत नाही, कारण तो व्याजाचाच दुसरा दरवाजा आहे. कर्ज घ्यायचं नाही हे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं. घरही तसंच बांधलं, एकेक खोली करून, तेरा वर्षांत. तेव्हा गाडीसाठी सगळं मिळून ६ लाख ८० हजार जमले होते, आणि त्याच्यापुढे आमच्याकडे काही नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नांदेडच्या एका शोरूममध्ये गेलो. गाडी आधीच पसंत केली होती: चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल गाडी, अम्मींना वाकावं न लागता बसता येईल अशा उंचीची. आत गारवा, काचेच्या टेबलावर गोळ्यांची वाटी. एक पंचविशीचा मुलगा आला, आपल्याच जिल्ह्यातला, सेनगाव तालुक्यातला. फार अदबीने बोलला. कोल्ड्रिंक आलं. मग त्याने एक कागद छापून आणला आणि सगळ्यात खालच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. ७ लाख ९० हजार.

आमचे दिवाणजी गप्प झाले. हा माणूस रोज सकाळी हळदीच्या ढिगाजवळ उभा राहतो. कांडी मोडून आतला रंग बघतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, आणि क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी खरेदीदाराशी अर्धा तास बोलतो. इथे मात्र त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि "बघून सांगतो" म्हणून उठले. गाडीवाल्याच्या शेजारी बसून परत येताना बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "तिथे मोडून बघायला काही नव्हतंच."

अब्बा बैलांचा व्यापार करायचे. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे की हजार सुटले की दोन हजार. अब्बा सांगायचे की ज्याला बोटांची भाषा येते त्याच्यासाठी ही पद्धत चांगली आणि ज्याला येत नाही तो बैलापेक्षा आधी विकला जातो. शोरूमच्या त्या कागदाला बघून आम्हाला हेच आठवलं. आकडे उघड होते, पण भाषा रुमालाखालचीच होती.

आम्ही त्या महिन्यात गाडी घेतली नाही यात शहाणपण काही नव्हतं, पैसेच कमी होते. पण १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेत दर ठरले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. लहान गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. आता फक्त १८ टक्के. शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचा हिशोब एकच: अकरा टक्के कमी झाले! मुलांना शेकडेवारी शिकवणाऱ्यांनीसुद्धा असं म्हणावं याचं वाईट वाटतं, पण सुरुवातीला आम्हीही तेच म्हणत होतो. १०० रुपयांची वस्तू आधी १२९ ला होती, आता ११८ ला झाली. १२९ मधून ११ गेले, म्हणजे साधारण साडेआठ टक्के. आमच्या गाडीची शोरूम किंमत ६,४५,००० होती, ती ५,९०,००० झाली. पंचावन्न हजार कमी झाले, एकाहत्तर नव्हे. शिवाय रोड टॅक्स शोरूम किमतीवर लागतो. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. तोही सहा हजार पन्नास रुपयांनी उतरला.

त्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते वाचकांना सांगायला नको. सोयाबीन पाण्यात उभं होतं. अब्बांच्या शेतातल्या हळदीला कंदकूज लागली. म्हणजे पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात हळदीचे पैसे येतील ही आशा गेली. जे हातात आहे त्यातच बसवायचं होतं.

दसरा झाल्यावर पुन्हा गेलो. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दर उतरले म्हणून सगळीकडून लोक आलेले. तोच मुलगा भेटला. या वेळच्या कागदावर ७ लाख २७ हजार होते. आमच्या पैशांपेक्षा सत्तेचाळीस हजार जास्त. सूट विचारली तर तो म्हणाला, "मॅडम, आता सूट काहीच नाही, गाड्याच पुरत नाहीत. पण तुम्ही आमच्याकडून फायनान्स केलं तर वीस हजार कमी करून देतो."

आम्ही म्हणालो, आम्ही सगळे पैसे एकदम देणार आहोत. आमची समजूत अशी होती की एकरकमी पैसे देणाऱ्याला दुकानदार जास्त मान देतो. किराण्यात, कपड्यात, सिमेंटच्या दुकानात तसंच असतं. गाडीच्या दुकानात उलटं आहे. कर्जावर गाडी घेणाऱ्याकडून दुकानाला दोनदा मिळतं, एकदा गाडीवर आणि एकदा कर्ज देणाऱ्या कंपनीकडून. ते वीस हजार दुकानाच्या खिशातून जाणारच नव्हते. पाच वर्षांत आम्ही जे व्याज भरलं असतं, त्यातलाच एक तुकडा आम्हाला आधी हातावर ठेवला जाणार होता.

मामूंनी यावर तोड सुचवली. "कागज पे लोन लेव. बीस हजार कम हुए के दो महिने में सब भर देव. ब्याज कित्ता जाता?" ही युक्ती बरेच जण करतात. आम्ही तिच्यावर तीन रात्री भांडलो. एकाचं म्हणणं, अम्मींची सूज बघा, हे वीस हजार मिळाले तर अंतर निम्मं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, दोन महिन्यांचं व्याज हे व्याज नाही का? कोण काय म्हणत होतं ते लिहीत नाही, कारण तिसऱ्या रात्री आम्ही दोघांनी एकमेकांच्या बाजू घेतल्या होत्या. शेवटी कागदपत्रं विचारून बघितली. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड, आरसी बुकावर बोजा चढवायची सरकारी फी दीड हजार, मग तो उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि आरटीओचा फॉर्म ३५. वीस हजारांतले बरेच गळून जात होते. पण खरं सांगायचं तर हे सगळं आम्ही नंतर मोजलं. नको म्हणून आधीच ठरलं होतं. मामू आजही म्हणतात की हे दोघं हट्टी आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. सातवीला शेकडेवारी चालू होती. तो कागद शोरूमचं नाव झाकून फळ्यावर लिहून काढला. आठ ओळी होत्या. शोरूम किंमत ५,९०,०००. रोड टॅक्स ६४,९००. नोंदणी १,२००. इन्शुरन्स ३६,४००. फास्टॅग ६००. वाढीव वॉरंटी ११,५००. अ‍ॅक्सेसरी किट १४,९००. हँडलिंग चार्जेस ७,५००. मुलांना सांगितलं की यातल्या कोणत्या ओळी सरकारच्या आहेत त्या शोधा. अर्ध्या तासात त्यांनी रोड टॅक्स काढून ताळा केला. नोंदणीची ओळही सरकारची ठरवली. त्यात नोंदणी फी सहाशे, स्मार्टकार्ड दोनशे आणि बाकीचे टपाल वगैरे. मग एक मुलगी उठली, मागच्या बाकावरची, फारसं न बोलणारी. "आपा, हँडलिंग मतलब?" आम्ही म्हणालो, गाडी हाताळायचे, नेण्या-आणण्याचे पैसे. ती म्हणाली, "लेकिन गाडी तो उन्हों बेच रहें ना? दुकान में लाए बगैर कैसे बेचेंगे?"

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर दिवाणजी उठून बसले. म्हणाले, अडतीच्या पट्टीतही हमाली, तोलाई अशा ओळी असतात, पण प्रत्येक ओळीखाली कुणाचा तरी घाम असतो आणि बाजार समितीने दर ठरवलेला असतो. त्यांनी कागद पुन्हा काढला. त्या रात्री आम्ही तो हळदीच्या पट्टीसारखा वाचला, ओळ धरून.

प्रेषितांनी (स.) व्यापाराबद्दल जी ताकीद दिली, त्यात एक अशी आहे की माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर वाटेतच गाठू नये, त्याला आधी बाजारात येऊन भाव कळू द्यावा. शाळेत असताना हे आम्हाला जुन्या काळचं, उंटांच्या जमान्यातलं वाटायचं. या कागदासमोर बसल्यावर वाटलं की वाटेत गाठलेला काफिला आम्हीच आहोत. मग पहिलं काम बाजारात पोचण्याचं.

इन्शुरन्सच्या ओळीने सगळ्यात जास्त वेळ घेतला. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात शिरायची आमची लायकी नाही, पण थर्ड पार्टी विमा हा कायद्याने सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. आमच्या इंजिनाच्या गटाला, म्हणजे एक हजार ते दीड हजार सीसीला, त्याचा दर १०,६४० रुपये. हा दर सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना सारखा असतो. त्यावर जीएसटी. म्हणजे फरक पडतो तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. आम्ही दोन ठिकाणी विचारलं. तीच कलमं, गाडीची तीच विमा किंमत धरून बाहेर २७,९०० सांगितले. विमा किंमत तीच धरायची हे महत्त्वाचं. ती कमी दाखवली की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो आणि चोरी झाल्यावर रडायची वेळ येते. नव्या गाडीची विमा किंमत साधारण शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती नाही. आम्हाला सांगितलं गेलं होतं की बाहेरचा घेतला तर वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर कळलं की ते कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, विमा कुणी विकला यावर नव्हे. आणि ते वर्कशॉप त्यांच्या यादीत होतं.

अ‍ॅक्सेसरी किटमध्ये सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर, दरवाज्याच्या पट्ट्या, एक सुगंधी बाटली आणि मॅट होते. मॅट आणि मडफ्लॅप सोडून आम्हाला काही नको होतं. वाढीव वॉरंटी वाईट नसते, पण कंपनीची मूळ वॉरंटी असतेच आणि ती संपायच्या आधी वाढीव घेता येते. पहिल्याच दिवशी साडेअकरा हजार कशाला?

डिसेंबरमध्ये आम्ही परभणीच्या शोरूममध्येही जाऊन आलो. वर्ष संपत आलं की दुकानदाराला गाडी उभी ठेवणं परवडत नाही. जानेवारी उजाडला की डिसेंबरची गाडीही 'मागच्या वर्षाची' होते. विकायची असेल तर घेणाऱ्याने हा विचार करावा. आम्हाला ती दहा-बारा वर्षे वापरायची होती. तेव्हा मागच्या वर्षाची गाडी आणि सूट, दोन्ही आम्हाला चालणार होते. परभणीला शोरूम किमतीवर बारा हजारांची सूट लिहून मिळाली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला आम्हाला चार महिने लागले.

तिसऱ्यांदा नांदेडला गेलो तेव्हा शोरूममध्ये गर्दी नव्हती. आम्ही ओळीओळीने बोललो. हँडलिंगच्या ओळीवर दिवाणजी एवढंच म्हणाले, "हे देतो, पण कशाचे घेतले ते लिहून वेगळी पावती द्या." मुलगा आत जाऊन आला आणि ती ओळ खोडली. आवाज चढवायची गरज पडली नाही. वॉरंटी, किट यांना नको म्हटलं. इन्शुरन्सचे बाहेरचे दोन्ही कागद ठेवले. मग शोरूम किमतीवर आलो. मॅनेजर स्वतः येऊन बसले. "परभणीला किती कमी केले?" त्यांनी विचारलं.

आम्ही म्हणालो, "वीस हजार."

कुणाच्या तोंडून निघालं ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्याने मान हलवली होती. बारा हजारांचा कागद पिशवीतच होता. तो कुणी मागितला नाही. मॅनेजर केबिनमध्ये गेले, पाच मिनिटांनी आले आणि म्हणाले, "अठरा करतो, आजच बुक करा." पाच हजार रुपये भरून गाडी बुक केली. बाहेर आल्यावर त्या मुलाने चहा पाजला. तो सहज म्हणाला की गाडीच्या किमतीवर त्याला जवळजवळ काही मिळत नाही; मिळतं ते विम्यावर, किटवर, कर्जावर. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर मला सेनगावला परत जावं लागंल," असं म्हणून तो हसला. तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून बोलला. त्याच्या पायात स्लिपरसारखे झिजलेले काळे बूट होते.

परतीच्या वाटेवर वारंगा फाट्याला थांबलो तेव्हा दिवाणजी म्हणाले, "अब्बा क्या बोलते थे?" अब्बा म्हणायचे, भाव जितना कस के करना है उतना करो, लेकिन झूट आया के बरकत गई. बैलाच्या दातांबद्दल, वयाबद्दल ते कधी खोटं बोलले नाहीत आणि त्यापायी दोन-तीनदा तोटाही खाल्ला. आम्ही तर अशी गाडी घेत होतो जिच्यात व्याजाचा एक पैसा नसावा म्हणून तीन रात्री भांडलो. आणि आठ हजारांचं खोटं सहज बोलून आलो. दुकानाने आम्हाला कॅशलेसबद्दल खरं सांगितलं नव्हतं, हे खरंच. त्याचा आधार घेऊन आम्ही दोन दिवस स्वतःला समजावलं. समजूत पटेना.

तिसऱ्या दिवशी फोन केला. आधी त्या मुलाला, मग त्याने मॅनेजरना दिला. सांगितलं की परभणीचा कागद बाराचा आहे, वीसचा नाही. आमची चूक झाली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मॅडम, असं कुणी सांगत नाही." आम्हाला वाटलं की आता ते म्हणतील, असू द्या, अठराच राहू द्या. गोष्टींमध्ये तसंच होतं. त्यांनी हिशोब करून सांगितलं, "मग तेरा करतो. परभणीपेक्षा एक हजार जास्त." मुलाने नंतर वेगळा फोन करून विचारलं, "कशाला बोललात हो मॅडम?" त्याला नीट उत्तर देता आलं नाही. दिवाणजींना ते पाच हजार अजून दुखतात आणि ते लपवतही नाहीत.

इन्शुरन्स मात्र आम्ही शोरूममधूनच घेतला. त्यांनी तो ३६,४०० वरून २९,५०० वर आणला. बाहेर सोळाशे स्वस्त मिळत होता. ते सोळाशे आम्ही जाणूनबुजून दिले. त्या मुलाला त्यातलं किती मिळालं असेल कोण जाणे.

पैसे भरतानाही एक गोष्ट कळली. भिशीतले काही पैसे रोख घरात होते आणि तेच नेऊन द्यावेत असं वाटत होतं. पण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१७ पासून कायद्याने बंद आहे. सगळं बँकेतून, शोरूमच्या खात्यावर भरलं. बुकिंगची पावतीही शोरूमच्या नावाची घेतली.

ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी गाडी उजेडात बघायला मागितली. सकाळी, ऊन असताना. किती किलोमीटर चालली आहे ते बघितलं, चारही दारांचा रंग सारखा आहे का, टायर नवे आहेत का, स्टेपनी आणि जॅक आहे का ते बघितलं. विक्रीच्या दाखल्यावर, फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. ते चेसिस नंबरसोबत ताडून घेतलं. सप्टेंबर २०२५. मुलगा स्वतःच टॉर्च धरून दाखवत होता. पासिंग हिंगोलीचं, एमएच-३८.

शेवटचा हिशोब असा झाला. शोरूम किंमत ५,७७,०००. रोड टॅक्स ६४,९००, तो मूळ किमतीवरच. नोंदणी १,२००. इन्शुरन्स २९,५००. फास्टॅग ६००. मॅट आणि मडफ्लॅप २,३००. एकूण ६,७५,५००. दसऱ्याच्या कागदापेक्षा साडेएक्कावन्न हजार कमी. यात किमतीवरची सूट फक्त तेरा हजारांची. बाकीचे साडेअडतीस हजार खालच्या ओळींमधून निघाले, ज्यांच्याकडे आम्ही पहिल्या दिवशी बघितलंही नव्हतं. हाही आकडा मुलांना फळ्यावर दाखवला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला विचारलं, आता समजलं का? ती म्हणाली, "आपा, पाँच हजार किधर गए?" अठराचे तेरा कसे झाले हे वर्गात सांगितलं नव्हतं, पण आमची मुलगी तिच्याच वर्गात आहे. मग वर्गाला सगळं सांगावं लागलं.

साडेचार हजार रुपये उरले. त्यातून पेट्रोल भरलं आणि अम्मींसाठी पाठीला लावायची उशी घेतली. जानेवारीच्या पहिल्या तपासणीला आम्ही आपल्या गाडीने गेलो. पहाटे फजरनंतर निघालो, धुकं होतं, अम्मी पुढच्या सीटवर. दरवाजा उघडून त्या कुणाचाही हात न धरता बसल्या. अर्धापूरपर्यंत तस्बीह चालू होती. मग त्यांनी ती मुठीत धरली आणि विचारलं, "कित्ते को पडी?"

दिवाणजींनी सांगितलं.

अम्मींनी डॅशबोर्डवर हात फिरवला, काच अर्धी खाली करून बघितली, पुन्हा वर केली. "दो हजार और तुटते थे," म्हणाल्या, आणि तस्बीह पुढे चालू केली.